फोनकडे हात जाईपर्यंत

इझेगेम, ५ नोव्हेंबर २०१८

ग्रीट,

‘प्रिय’ लिहायचं राहून गेलं असं समजू नकोस. गाळलं आहे.

शनिवारी सकाळी शेजारची रोझेट आली. चर्चच्या महिला मंडळाची सहल आदल्या दिवशी गेंटला गेली होती. मृतांच्या स्मरणाचा दिवस, पण मंडळाला दुसरा दिवस सापडला नाही. आधी संग्रहालय, मग माशाचं सूप, मग कालव्याकाठच्या जुन्या सूतगिरणीत आजच्या काळाचा नाच. रोझेटने कोटही काढला नाही. दारातच उभी.

“लुटगार्ट, अगं, तुझा आवाज गेंटला आहे!”

“माझा आवाज माझ्या घशात आहे, रोझेट. कॉफी घेणार?”

“थट्टा नको. तिथे लोकांनी केली तेवढी बास झाली.”

मग ती बसली आणि सांगायला लागली. “खुर्च्याच नाहीत बाई. माझे गुडघे! सगळे आपले हिंडतायत. मध्ये जमिनीवर उजेडाचा एक पांढरा चौकोन. त्यात कुणी उभं राहिलं की सातही नाचणारे त्याची नक्कल करायला लागतात. त्याने डोकं खाजवलं की सात डोकी खाजवतात. आणि वरून तुझा आवाज. ‘मी आई बोलते आहे. आज मंगळवार.’ असा हशा पिकतो म्हणून सांगू! मग चौकोनातला माणूस अवघडतो आणि खिशातून फोन काढतो. काढतोच. फोनला हात लागला की आवाज बंद, नाचणारे सुटले, सैरावैरा पळतात, टाळ्या. मग पुढचा माणूस. आणि तू पुन्हा पहिल्यापासून. ‘मी आई बोलते आहे. आज मंगळवार.’”

“ग्रीट होती?”

“होती ना. सातांतली एक. छान नाचते हो.”

“तुला कुणी विचारलं?”

बिचारी उठून कोटाची बटणं लावायला लागली. तिच्यावर चिडायचं काही कारण नव्हतं, पण तू समोर नव्हतीस. तू समोर नसतेसच.

आता नीट वाच. मी उभी हयात टेलिफोन खात्यात चौकशीच्या टेबलावर काढली. कोण बोलतंय आणि वार कुठला हे आधी सांगायचं, ही आमची शिस्त होती. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलेलं नाही. आणि तुझ्या फोनच्या यंत्रावर ते निरोप मी हौसेने ठेवले नव्हते. तुझे बाबा मरत होते. तू फोन उचलत नव्हतीस. म्हणून मी यंत्राशी बोलले, रोज, तेवढे आठवडे. माझ्या नवऱ्याचं मरण ही गेंटच्या लोकांची करमणूक नाही.

तो आवाज या महिन्याच्या आत त्या नाचातून काढून टाक.

लुटगार्ट देप्रे
(तुझी आई. वार सोमवार.)

इझेगेम, २६ नोव्हेंबर २०१८

ग्रीट,

तुझं उत्तर आलं नाही, तुझ्या कचेरीचं आलं. ‘संवाद विभाग’ अशी सही आहे. माणसाचं नाव नाही. मजकूर असा: “आपला प्रतिसाद आमच्यासाठी मौल्यवान आहे. प्रेक्षकाला अस्वस्थ करणं हाच या कलाकृतीचा हेतू आहे. ज्येष्ठ नागरिकांना तिकिटात सवलत मिळते.”

पोटच्या मुलीला लिहावं आणि उत्तर संवाद विभागाने द्यावं. ननांच्या शाळेत सिस्टर आल्फोन्सा आम्हाला सांगायची, की उद्धटपणा दोन प्रकारचा असतो. एक ओरडणारा आणि एक आभार मानणारा. दुसऱ्याला शिक्षा जास्त.

रोझेटने तुझी वर्तमानपत्रातली मुलाखतही आणून दिली. फोटो चांगला आला आहे. केस कुणी कापले? असो. मी ती तीनदा वाचली आणि तीन वाक्यांखाली रेघा मारल्या.

पहिलं. “निश्चल उभं राहणं मी जपानमधल्या एका गुरूकडून शिकले.”

खोटं! तू ते आमच्या परसात शिकलीस. रविवारी दुपारी बाबांची शर्यतीला सोडलेली कबुतरं फ्रान्सहून परतायची, तेव्हा आपण तिघं परसात उभे राहायचो. बाबा हात मागे बांधून, हनुवटी वर, डोळे छपरावर. पाखरू कौलांवर उतरायचं, पण तेवढ्याने शर्यत जिंकता येत नाही. ते खुराड्यात शिरायला हवं, पायातली कडी काढून शर्यतीच्या घड्याळयंत्रात टाकायला हवी, तेव्हा कुठे त्याची वेळ धरली जाते. परसात कुणी हललं की ते कौलांवरच बसून राहायचं, आणि शेजारच्या गावातला वाल्टर बक्षीस घेऊन जायचा. तू एवढीशी होतीस. नाकावर माशी बसली तरी हात उचलायची नाहीस. बाबा आल्यागेल्याला सांगायचे, “आमच्या ग्रीटसारखं उभं राहणारं माणूस अख्ख्या तालुक्यात नाही.” बाबांचं श्रेय जपानला देऊन टाकलंस. त्या गुरूला बिचाऱ्याला माहीतही नसेल.

दुसरं. “आईचे ते निरोप मी शेवटपर्यंत कधीच ऐकलेले नाहीत. आपण सगळं साठवतो आणि ऐकत काहीच नाही. हीच आजच्या काळाची गोष्ट आहे.”

काळाची? काळाने काय बिघडवलंय तुझं? फोन खिशात वाजत होता, आणि तो न उचलणारा हात तुझा होता. आळसाला काळाचं नाव दिलं की वर्तमानपत्रात फोटो येतो, हे मला ठाऊक नव्हतं.

आणि हे छापून सांगतेस! मला वाटत होतं, तू निदान ऐकलं असशील. नंतर, एकटीने, कुठल्यातरी हॉटेलात. दफनाच्या दिवशी तू थेट नंतरच्या कॉफीपानाला उगवलीस, चीजचा पाव खाल्लास आणि पाचची गाडी धरलीस. तेव्हाही मी स्वतःला समजावलं, की हिने ऐकलंय, म्हणून हिच्याने कबरीपाशी येववलं नाही. म्हणजे पावणेदोन वर्षं मी तुझ्या बाजूने वकिली करत होते, आणि आशिलाने मला फीऐवजी हसं दिलं.

मग ऐक. शेवटच्या निरोपात मी बोललेले नाही. बाबा बोलले आहेत. हॉलमधल्या फोनची लांब तार ओढून मी रिसीव्हर त्यांच्या पलंगापर्यंत नेला, कारण त्यांना तुला काही सांगायचं होतं. काय, ते मी लिहिणार नाही. ते तुझ्या यंत्रात आहे. रोज सूतगिरणीत दिवे लागतात तेव्हा ते तिथेच असतं, आणि तिथवर कुणी पोचत नाही, कारण प्रत्येकाचा हात आधीच खिशात जातो.

तिसरं वाक्य मी कापून बाबांच्या दफनाला छापलेल्या प्रार्थनाकार्डाशेजारी फळीवर ठेवलं आहे. “प्रयोग मी कधीच थांबवत नाही. प्रेक्षक चौकोनात उभा राहिला की प्रयोग त्याच्या मालकीचा.”

बरं.

लुटगार्ट

इझेगेम, ८ डिसेंबर २०१८

ग्रीट,

हे पत्र मी आज टाकणार नाही. उद्या परत आले की पुढच्या पत्राबरोबर टाकेन. आज लिहून ठेवते आहे ते एवढ्यासाठी, की नंतर तू म्हणू नयेस, म्हातारीचा तोल गेला. तोल अगदी जागेवर आहे.

तिकीट ग्रंथालयातल्या बाईने छापून दिलं. उद्याचं, रविवार दुपारचं. सवलतीत. रोझेटला बरोबर यायचं होतं.

“मी नुसती भिंतीपाशी उभी राहीन गं.”

“तुझे गुडघे?”

“गुडघ्यांचं सोड. तू तिथे तमाशा करणार, आणि मी इथे टीव्ही बघत बसू?”

“तमाशा ती करते. मी नुसती उभी राहणार आहे.”

 मग तिला उमगलं. चाळीस वर्षं आमच्या परसाला लागून राहिलीय ती. रविवारी दुपारी तिला दोरीवर कपडे वाळत घालायची किंवा परसात टोपी घालायची परवानगी नसायची, पाखरू बिचकायचं.

“लुटगार्ट, ती तुझी लेक आहे.”

“म्हणूनच. परक्याच्या मुलीसाठी मी एवढी वाट वाकडी केली नसती.”

उद्या दुपारी हलकं जेवणार आहे. बुटांना नवे तळवे बसवून घेतले.

इझेगेम, १० डिसेंबर २०१८

ग्रीट,

काल जे घडलं ते तू तुझ्या बाजूने पाहिलंस. आता माझ्या बाजूने वाच.

दारावर गळ्यात पट्टा घातलेली एक मुलगी होती. तिकीट बघून म्हणाली, “मॅडम, आत फोन लागेल हं. तो चालू ठेवा.”

“फोन घरी आहे.”

“अरेरे, विसरलात?”

“नाही. भिंतीला आहे.”

तिने दुसऱ्या पट्टेवालीकडे बघितलं. दुसरी म्हणाली, “जाऊ दे गं आजींना, त्या काय चौकोनात थोड्याच जाणारेत.”

मी थोडा वेळ कडेने हिंडले. तुला दिसू नये म्हणून एका उंच माणसाच्या मागे राहिले. तुम्ही काय करता ते बघितलं. एक पोरगा चौकोनात गेला, हसला, तुम्ही सात जण हसलात. ‘मी आई बोलते आहे. आज मंगळवार. बाबांनी थोडं सूप घेतलं.’ लोक हसले. पोराने फोन काढला. तुम्ही उधळलात. मग एक जोडपं. मग लाल चष्म्याची एक बाई; तिने तर आत पाय टाकतानाच फोन काढून तुमचा फोटो घेतला. दर वेळी माझं सूप, माझा मंगळवार, आणि हशा. खोटं कशाला सांगू, नाच चांगला आहे. तू चांगली नाचतेस. त्यामुळे माझा राग कमी झाला नाही, वाढला. ज्याला जमतं, त्याने चोरी करू नये.

मग मी चौकोनात गेले.

पर्स जमिनीवर ठेवली. हात मागे बांधले. हनुवटी वर केली. डोळे गिरणीच्या छपराला लावले.

सहा जण लगेच तसे उभे राहिले. सातवीला जरा वेळ लागला. तू मला ओळखलंस त्याआधी ते उभं राहणं ओळखलंस. मला ते छपराकडे बघता बघता डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं. मग तूही हात मागे बांधलेस. काय करणार? तुझाच नियम.

‘मी आई बोलते आहे. आज मंगळवार.’ हशा. ‘मी आई बोलते आहे. आज बुधवार. तुझ्या खोलीतला हीटर लावून ठेवला आहे.’ हशा. गुरुवारी थोडा कमी. पुढच्या मंगळवारी डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगत होते, तेव्हा फक्त लाल चष्मेवाली हसली, आणि कुणीतरी तिला “श्शू” केलं. लोक माझ्या हाताकडे बघत होते. आता जाईल, मग जाईल. जाऊन जाऊन जाणार कुठे? खिशात रुमाल होता फक्त.

आवाज चालूच होता. मी रोज जे जे सांगितलं ते सगळं तू ऐकलंस. त्यांना मोजे कुठले घातले. त्यांनी कबुतरं वाल्टरला देऊन टाकायला सांगितली. पाद्री येऊन गेला. ‘रात्रीची गाडी असते, मी स्टेशनवर येईन.’ ‘गाडी नको असेल तर रोझेटचा भाऊ आणायला येतो म्हणतोय.’ ‘ग्रीट, मी आई बोलते आहे.’ त्या दिवशी वार सांगायचा मी विसरले होते. मलाही कालच कळलं.

भिंतीजवळचा एक सभ्य गृहस्थ पुढे आला. कुजबुजत म्हणाला, “मॅडम, तुमच्याकडे फोन नाहीये का? माझा घ्या ना. नुसता हात लावा.”

“मी परक्याच्या वस्तूला हात लावत नाही.”

“पण त्यांना बघा हो, किती त्रास होतोय!”

“बघतेय.”

तुझे डोळे वाहत होते. नाकही. मी माझं नाक पुसलं नाही, म्हणून तुला तुझं पुसता येईना. एवढी एक गोष्ट मला मनापासून आवडली, ती लपवत नाही.

मग शेवटचा. ‘मी आई बोलते आहे. आज रविवार. बाबांना बोलायचंय.’ आणि ओमेर. त्या एवढ्या मोठ्या गिरणीत माझ्या ओमेरचा आवाज.

‘रोझेट, टोपी काढ ती. हलू नका कुणी. आली. आली ती, ग्रीट आली. छपरावर उतरलीय. लुटगार्ट, हलू नकोस गं. हललीस तर आत यायची नाही ती.’

आणि बीप.

त्यांना ताप होता. परसात आहोत असं वाटत होतं. त्या दुपारी आम्ही खरंच हललो नाही, ग्रीट. मी, रोझेट, आणि इंजेक्शनची सुई हातात धरलेली नर्स. पलंगाभोवती तिघी जणी ताटकळत उभ्या. त्यांचे डोळे छताला लागलेले, तोंडावर ते शर्यतीचं हसू. तू येणारच, याबद्दल त्यांना जराही शंका नव्हती. तिघींपैकी एकीलाही खाली बसायचा धीर झाला नाही. संध्याकाळी ते गेले, तेव्हाही आम्ही उभ्याच होतो.

इकडे गिरणीत बीप संपली. मग तुझं ते आंधळं यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. ‘मी आई बोलते आहे. आज मंगळवार.’ आता कुणी हसेल का, हे बघायला मी थोडा वेळ थांबले. कुणी हसलं नाही.

मग मी पर्स उचलली आणि चौकोनातून बाहेर पडले. तुझ्या इतक्या जवळून गेले, की तुझ्या अंगाचा घामाचा वास आला. लहानपणी असायचा तोच. फोनला हात मी लावलेला नव्हता, तेव्हा नियमाप्रमाणे तुझी सुटका झालेली नव्हती. तू सुटली नाहीसच. मी कोट घेऊन जिन्यापर्यंत गेले, तरी मागे एका पावलाचा आवाज नव्हता.

स्टेशनसमोर कॉफी घेतली, त्याबरोबर गरम वॅफल. सगळं खाल्लं.

लुटगार्ट

इझेगेम, ७ जानेवारी २०१९

ग्रीट,

तुझं पत्र मिळालं. हाताने लिहिलेलं. शेवटी तुझं अक्षर दिसलं. अजूनही घाईचंच आहे. एकेक उत्तर देते.

इमारतीच्या रखवालदाराने मोठे दिवे लावेपर्यंत तुम्ही सात जण तसेच उभे होतात, आणि प्रेक्षकांपैकीही कुणी गेलं नाही, हे वाचलं. मुद्दाम कळवलंस, आभारी आहे. मी ते रोझेटलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आता झालं ना समाधान?” मी म्हटलं, “बघू.”

त्या लाल चष्मेवालीने वर्तमानपत्रात लिहिलंय, की ‘एका अनोळखी वृद्ध कलावतीने’ हा प्रयोग कुठल्या कुठे नेला. कलावती! तुझ्या थिएटरच्या साहेबांना मी रोटरडॅमच्या दौऱ्यावर हवी आहे. रोज संध्याकाळी, तशीच, चौकोनात. राहणं-खाणं त्यांचं. त्यांना सांग, की माझा नवरा एकदाच मेला. तो रोटरडॅमला रोज मरणार नाही.

आवाज तू काढून टाकलास, हे बरं केलंस. नाच माझ्या आवाजाशिवाय उभा राहत नाही, दौरा बहुतेक रद्द होईल, असं लिहिलंयस. होऊ दे. मला वाईट वाटेल अशी अपेक्षा असेल तर जपानच्या गुरूला लिही.

‘मला माफ कर’ हे तू एका ओळीत लिहिलंस आणि त्यापुढे लगेच दुसरा विषय काढलास. ती ओळ मी वाचली. तिच्यावर मी अजून काही ठरवलेलं नाही. वकिली बंद केली आहे, एवढंच सांगते.

आणि आता पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्याही खाली, तू जे विचारलंस ते. मला वाटतं, सगळं पत्र तू त्या एका ओळीसाठीच लिहिलंस. ‘बीप झाल्यावर बाबा आणखी काही म्हणाले का?’

म्हणाले.

यंत्राने तोडलं, पण ते बोलत होते. रिसीव्हर मी त्यांच्या तोंडाशी तसाच धरून ठेवला होता. वाक्य तुझ्यासाठी होतं, नाव घेऊन. रोझेट तेव्हा पलंगाच्या पलीकडे, खिडकीच्या बाजूला होती, तिला नीट ऐकू आलं नाही. नर्सला आपली भाषा धड येत नव्हती. म्हणजे ते वाक्य आता जगात फक्त एका ठिकाणी आहे, आणि तिथे साठवलेलं नाही, ऐकलेलं आहे.

ते मी लिहून पाठवणार नाही. फोनवर सांगणार नाही. फोन केलास तर उचलीन, कोण बोलतंय आणि वार कुठला ते सांगेन, आणि ठेवून देईन. माझं वय तुला ठाऊक आहे. डिसेंबरपासून उजवा गुडघाही बोलायला लागलाय, पण तुला यायला मी मुदत घालून देणार नाही. तू एकदा वेळ चुकवलीच आहेस. आता वेळेची काळजी तू कर.

रविवारी चारला मी कॉफी करते. हीटर तुझ्या खोलीतला आहे तिथेच आहे, लावलेला नाही. तुझा तो फोन ब्रसेल्सला तुझ्या घरी ठेवून ये, नाहीतर कालव्यात टाक, पण तो घेऊन माझ्या उंबऱ्यात येऊ नकोस. दार पुढचं नाही, परसातलं उघडं असेल. मी पुढे यायची नाही, हाक मारायची नाही, खिडकीतूनही बघायची नाही.

हलणार नाही मी. आत यायचं की कौलांवर बसायचं, ते तू बघ.

आई
वार सोमवार